झिरो नंबर

हे मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं किती अवघड होतं ते तिला ओळखणाऱ्यांनाच ठाऊक. एकदा चहाचा कप हातात धरून सुरुवात केली होती. म्हटलं, "अगं, ते वारज्याचे हवालदार आठवतात का?" तर ती म्हणाली, "न आठवायला काय झालं? हुरडा आणायचे की." मग मी हुरड्याबद्दलच बोलत राहिलो. चहा गार झाला. ती गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

तुम्ही माझे कुणी नाही, मला ओळखत नाही, म्हणून तुम्हांला सांगणं सोपं जाईल असं वाटतंय. जाईल का? बघू.

मी चष्मेवाला. शनिवार पेठेत माझ्या वडिलांचं, अण्णांचं, चष्म्याचं दुकान होतं. पुढे ते माझं झालं. उभा जन्म तिथे गेला. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागच्या काड्या वाकवायच्या, काच बदलून विचारायचं — आता कसं दिसतंय? आणि आता? शहरातली गिऱ्हाइकं मला नावानं हाक मारायची, पण आसपासच्या गावांतून येणारी माणसं बिनदिक्कत डॉक्टर म्हणायची. मी डॉक्टर नव्हतो. अण्णांच्या हाताखाली नंबर काढायला शिकलो होतो, एवढंच. तरी मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं हो! पण ही चूक किरकोळ. सांगायची आहे ती वेगळी.

ती एका दुर्बिणीपासून सुरू होते. बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीपासून.

शिकारीवर बंदी यायच्या आधीची गोष्ट. वारजे तेव्हा खेडं होतं, पुण्याबाहेरचं. टेकडीच्या पायथ्याला शेतं, आणि टेकडीवरून संध्याकाळी उतरणारी रानडुकरं. भुईमूग काढायला आला की उकरून टाकायची, रताळ्यांचा वाफा एका रात्रीत नांगरल्यासारखा करायची. तिथल्या एका शेतकऱ्याकडे पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना होता. तो लढाईवर जाऊन आलेला, म्हणून सगळं गाव त्याला हवालदार म्हणायचं, आणि मीही म्हणायचो. तेव्हा ते साठीला आले असतील. उंच, वाळलेले, डाव्या दंडात लढाईतली जुनी जखम. त्यांच्याकडे एक जुनी रायफल होती आणि गावात त्यांचा शब्द होता: हवालदार माळ्यावर बसले की शेजारच्या चार शेतांनाही झोप लागायची. माळा म्हणजे शेतात चार खांबांवर बांधलेली राखणीची बैठक. तिथे ते तासन्‌तास न हलता बसत.

पण दंड दुखायला लागला होता. रायफल जड, तिच्यावरची जुनी दुर्बीण त्याहून जड. दोन्ही तोलून धरता धरता हात थरथरायचा. म्हणून त्यांना हलकी दुर्बीण हवी होती. हलकी, पण चांगली. लष्कर भागातल्या अब्बासभाईंच्या बंदुकीच्या दुकानात तीन होत्या, आणि त्यांतली कुठली घ्यावी हे ठरवायला हवालदार मला घेऊन गेले. काचेचं काम काचवाल्याला कळणार, असा त्यांचा सरळ हिशेब. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. कुणीतरी आपला सल्ला विचारतंय, तोही बंदुकीबद्दल — मी सायकलवर बसलो तोच मुळी छाती फुगवून.

अब्बासभाईंनी हिरव्या कापडावर तिन्ही दुर्बिणी मांडल्या. पहिली लांबलचक, नऊ पट मोठं दाखवणारी. हातात घेतली तर भरला तांब्या उचलल्यासारखी. दुसरी जरा हलकी, पण तिच्यात मधलं चित्र स्वच्छ आणि कडेची भिंत वाकलेली. तिसरी आखूड होती. चारच पट. ॲल्युमिनियमची नळी, पुढच्या काचेवर जांभळट झाक, आणि वजन — अहो, वजन असं नव्हतंच. मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबानं जाता जाता विकलेली. तशी दुसरी पुण्यात नव्हती, आणि मागवून मिळण्यातली नव्हती.

मी म्हटलं, आत्ता काही ठरवायचं नाही. दुपारी सगळ्याच दुर्बिणी चांगल्या असतात. दिवस मावळू द्या. डुक्कर काय बारा वाजता येणार आहे का? अब्बासभाई हसले, म्हणाले, "पोरगा अण्णांचाच आहे," आणि चहा मागवला. दिवे लागायच्या वेळेला आम्ही दुकानाच्या पायरीवर आलो. रस्त्यापलीकडे, बऱ्याच अंतरावर, एक कडुनिंब होता आणि त्यावर कावळे येऊन बसत होते. कुठल्या दुर्बिणीतून ते शेवटपर्यंत मोजता येतात ते बघायचं, अशी माझी युक्ती. लांबलचक दुर्बिणीतलं चित्र आधी काळवंडलं. मग दुसरीतलं. आखूड दुर्बिणीत मात्र झाड असं उजळून दिसत होतं की जणू तिच्या आत अजून पाच मिनिटांचा दिवस शिल्लक होता. मी भुवईपासून चार बोटं अंतर ठेवून पाहिलं, तरी चित्र पूर्ण गोल. म्हणजे गोळी सुटताना बंदूक मागे आली तरी कपाळाला लागणार नाही. मी मोजले. "सात," म्हणालो.

हवालदार नुसतेच उभे होते, हात मागे बांधून, डोळ्याला काहीही न लावता. म्हणाले, "आठ हायेत. आठवा पानाआड हाय, शेपूट दिसतंय बगा."

मी पुन्हा पाहिलं. आठ होते.

हे लक्षात ठेवा. मी ते कधीच विसरू शकलेलो नाही.

दुर्बीण घेतली, पण लगेच बसवता येईना. रायफल जुनी, दुर्बीण तिच्यावर धरून ठेवणाऱ्या मापाच्या कड्या अब्बासभाईंना करवून घ्याव्या लागणार होत्या. आठ दिवस लागतील म्हणाले. हवालदारांनी दुर्बिणीचा डबा माझ्या हातात दिला. "घरात धुरळा, पोरंबाळं. तुमच्यापाशी असली म्हंजी घोर न्हाई, डाक्टर."

त्या आठ दिवसांबद्दल कसं सांगू? आयुष्यात मी फार कमी वेळा इतका सुखी होतो.

एक ते चार दुकान बंद. त्या वेळात कुणी दार वाजवलंच तर अण्णा आतूनच म्हणायचे, "नजर अधू झाली म्हणून लगेच कुणी आंधळं होत नाही. चार वाजता या." ते खाली पंखा लावून आडवे झाले की मी दुर्बीण घेऊन गच्चीवर जायचो. कठड्यावर कोपर टेकायचो आणि बघायचो. पर्वतीच्या पायऱ्या चढणारा एक माणूस, मध्येच थांबून धोतराच्या सोग्यानं मान पुसणारा. नदीत बसलेल्या म्हशी, त्यांच्या कानांची हालचाल. पलीकडच्या काठावर वाळत घातलेल्या चादरी — त्यांत वारा शिरायचा आणि बाहेर पडायचा. सगळं अगदी हाताशी, आणि आवाज मात्र कशालाच नाही. एक बाई दुसरीला काहीतरी सांगतेय, दोघी पदर तोंडाला लावून हसताहेत, आणि माझ्या कानात फक्त आमच्याच गच्चीवरच्या कबुतरांचं घुमणं. असं वाटायचं, हे गाव मी पाहतोय ते आज नाहीच. फार पूर्वी होऊन गेलेलं किंवा पुढे कधीतरी होणारं. तीन तास कसे जायचे कळायचं नाही. खाली उतरलो की गिऱ्हाइकांचे चेहरे मला जाडेभरडे वाटायचे, फार जवळ आलेले.

ती माझी नव्हती. मला ठाऊक होतं. पण डब्यात ठेवली तरी पाहणारं कोण होतं? आणि नुसतं बघितल्यानं दुर्बीण झिजते थोडीच? असं मी स्वतःशी म्हणायचो.

सातव्या दिवशी नदीपलीकडच्या एका गच्चीवर एक बाई आली. ओलं लुगडं झटकत होती. झटकताना पाण्याचे थेंब उडत, ऊन त्यांत शिरे. किती वेळ पाहत होतो कुणास ठाऊक. मग तिनं लुगडं दोरीवर टाकलं, मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे कसली — इतक्या लांबून तिला मी काय दिसणार? आकाशाकडे पाहिलं असेल. पण मला वाटलं, माझ्याकडे. आणि त्याच क्षणी मला दिसली ती फुली. त्या दुर्बिणीत नेम धरायला दोन बारीक रेघांची एक फुली होती. सात दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि सात दिवस मी तिच्या आरपार बघत होतो. ती त्या बाईच्या कपाळावर होती, बरोबर कुंकवाच्या जागी.

मी दचकलो. हात मागे घेतला. दुर्बीण कठड्यावरून खाली अंगणातल्या फरशीवर पडली.

धावत खाली गेलो. काचा शाबूत! नळीला नखाएवढा पोचा, तोही कडी बसते तिथे, म्हणजे झाकला जाणारा. डोळ्याला लावली, चित्र स्वच्छ, फुली सरळ. देवाचे आभार मानले. आणि मग — मला राहवेना म्हणून — फुली सरकवायचा बारीक स्क्रू फिरवून पाहिला. फुली हलली नाही. आणखी फिरवला, तरी नाही. मग नळीला टिचकी मारली, तेव्हा ती एकदम उडी मारल्यासारखी सरकली.

आमच्या दुकानात साध्या दुर्बिणी दुरुस्तीला येत. ह्याचा अर्थ काय ते मला न कळण्यासारखं नव्हतं. फुलीला जागेवर धरून ठेवणारी आतली बारीक कमान, म्हणजे स्प्रिंग, ढिली झाली होती. आज नेम बरोबर दाखवेल, उद्याही दाखवेल; चार गोळ्यांचे धक्के बसले की फुली हळूच बाजूला सरकेल, आणि बघणाऱ्याला काही कळणार नाही. त्याला सगळं स्वच्छच दिसेल.

तेव्हाच सांगायला हवं होतं. हवालदार ओरडले असते, अब्बासभाई चुकचुकले असते, अण्णा महिनाभर टोमणे मारत राहिले असते — "आमचे चिरंजीव गच्चीवरून पुण्याची पाहणी करतात." बस्स, एवढंच तर झालं असतं. एवढ्याला मी भ्यालो? हो. एवढ्यालाच. त्यात अण्णांनी नुकतीच मला एकट्याला गिऱ्हाइकाचे डोळे तपासायची परवानगी दिली होती. आणि ते "डाक्टर" — तेही मला गमवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डबा पुसून हवालदारांच्या हातात दिला. त्यांनी उघडूनसुद्धा पाहिला नाही.

अब्बासभाईंनी दुर्बीण बसवली. शेतातच बांधाला पाटी टेकवून हवालदारांनी चार गोळ्या झाडल्या, फुली आणि गोळी एका जागी आणली. फौजेत ह्याला बंदूक झिरो करणं म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. झिरो केली म्हणजे बंदूक आणि डोळा एक झाले, आता चूक होणार नाही. ते खूश होते. येताना माझ्यासाठी भुईमुगाच्या ओल्या शेंगा घेऊन आले, "कापसागत हलकी हाय हो, दंडाला कळतच न्हाई," म्हणाले. मी शेंगा घेतल्या. मला वाटलं, चला, टिकली. टिकेलही.

टिकली नाही. पुढच्या पंधरवड्यात त्यांनी तीन डुकरं चुकवली. ज्या माणसानं कधी दुसरं काडतूस बाहेर काढलं नव्हतं त्याची गोळी ढेकळात जाऊन बसायला लागली. पारावरची माणसं हसली. कुणी म्हणालं, हवालदार आता डुकरांना नुसती सलामी देतात. ते अब्बासभाईंकडे गेले. अब्बासभाईंनी कड्या तपासल्या, त्या घट्ट होत्या. म्हणाले, काचेचं असेल तर काचवाल्याला दाखवा.

एका सकाळी ते दुकानात आले. अण्णा बाहेरगावी गेलेले. मी मनाशी ठरवलं, आज विचारतील, आणि विचारलं की सांगून टाकायचं. खरंच ठरवलं होतं. पण दुर्बीण त्यांनी आणलीच नव्हती. खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली, आणि हळू आवाजात, आजाराचं सांगावं तसं म्हणाले, "डाक्टर, माझी नजर बगा."

मी म्हटलं, "दुर्बीण —"

"दुर्बिनीवर कसा संशय घ्यायचा? ती तुमी निवडलेली."

हे वाक्य मी रात्रंदिवस ऐकत आलो आहे. तुम्ही असता तर काय केलं असतं? नाही, विचारत नाही. तुम्ही सांगितलं असतं.

मी त्यांचे डोळे तपासले. आमचं दुकान अरुंद, म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला असे आणि समोरच्या आरशात तो वाचायचा. तक्त्यावरची अक्षरं मुद्दाम उलटी छापलेली, म्हणजे आरशात सुलटी दिसावीत. हवालदारांनी पहिली ओळ वाचली. शेवटची वाचली. मग क्षणभर थांबून म्हणाले, "त्याच्या खाली आनखी हाय कायतरी. बारीक. उलटं हाय, पर वाचतो." आणि त्यांनी वाचलं — तक्ता छापणाऱ्या छापखान्याचं नाव. त्या खुर्चीवर बसून ते नाव त्यांच्याआधी कुणी वाचलं नव्हतं, त्यांच्यानंतरही नाही.

मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो. आरशात ते माझ्याकडे पाहत होते, एखाद्या मुलानं मास्तरांकडे पाहावं तसे. आणि मी म्हणालो, "लांबची नजर जरा हलली आहे, हवालदार. वयानं होतं असं."

त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी मान हलवली, सावकाश. मला वाटतं त्यांना थोडं बरंही वाटलं — का चुकतंय ते कळलं म्हणून.

चष्मा करायचा म्हटल्यावर मला प्रश्न पडला, नंबर कुठला देऊ? चुकीचा नंबर दिला तर त्या असल्या डोळ्यांना धूसर दिसणार. ते माझ्या हातून होईना. धंद्याचा एवढा प्रामाणिकपणा माझ्यात होता, बघा! मी साधी काच बसवली. दोन्हीकडे. खिडकीला बसवतात तशी, फक्त गोल कापलेली. ह्यानं कुणाचं काय बिघडतंय, असं स्वतःला सांगितलं.

चष्मा न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "नंबर किती म्हनायचा?"

"झिरो," मी म्हणालो.

हे खरं होतं. त्या सगळ्या व्यवहारात मी उच्चारलेला हा एकच खरा शब्द. वाटलं, आता विचारतील, झिरो म्हणजे? म्हणजे काही नाहीच का? मग सगळं बाहेर येईल, आणि ते मी सांगितलं असंही होणार नाही. पण हवालदारांचा चेहरा एकदम उजळला. चष्मा नाकावर चढवून ते आरशात बघत म्हणाले, "म्हंजी डोळा झिरो केला म्हना की! बंदूक बी झिरो, डोळा बी झिरो. आता काय चुकतंय?"

आणि मी हसलो. त्यांच्याबरोबर हसलो.

नंतरचं मला सोनाबाईकडून कळलं. सोनाबाई त्यांची सून, थोरल्या मुलाची बायको. एका संध्याकाळी हवालदार चष्मा लावून माळ्यावर बसले होते. उजेड अजून होता. ओढ्याच्या बाजूनं डुक्कर आलं. त्यांनी नेम धरला, आणि गोळी डुकराच्या हातभर उजवीकडून गेली आणि बांधावरच्या बाभळीत घुसली. बाभळीपासून दोन पावलांवर, बांधाच्या आड, सोनाबाई गवताचा भारा बांधत होती. ती त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. पण बाभूळ तिथे होती हे त्यांना दिसत होतं, आणि आपण बाभळीवर नेम धरला नव्हता हेही त्यांना माहीत होतं. ती ओरडत उठली तेव्हा ते माळ्यावरून उतरले, तिच्यापाशी गेले आणि, ती म्हणाली, तिच्या पायांकडे बघत उभे राहिले. सासरा सुनेच्या पायांकडे बघत.

रायफल त्यांनी परवान्यासकट सरकारजमा केली. दुर्बीण काढून माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमाला डोळे हायेत." मी ती घेतली. हो, घेतली. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर? पण माणसाचा आपल्या डोळ्यांवरचा विश्वास गेला की तो बंदुकीपुरता जात नाही. श्रावणात गावच्या मारुतीपुढे पोथी तेच वाचायचे. समईच्या उजेडात, न अडखळता, सगळं गाव ऐकायला यायचं. त्या श्रावणात त्यांनी पोथी दुसऱ्याकडे दिली. अक्षर चुकलं तर पाप लागेल म्हणाले. सायकल सोडली. पुण्यात एकटं यायचं सोडलं. घरच्यांनी जे दाखवलं ते दिसलं म्हणायचे, आणि स्वतःहून काही दिसलं तर आधी विचारायचे, "ते खरंच हाय का गं तिथं?" डुकरांनी दोन वर्षं भुईमूग उभा ठेवला नाही. पण ते मी सोडून देतो. मला ते कावळे आठवतात. पानाआडचा आठवा.

तरी माझ्याकडे ते यायचे, मुलाला बरोबर घेऊन. दर वर्षी हुरडा आणायचे. चष्म्याची काडी ढिली झाली की मी घट्ट करून द्यायचो. दर वेळी वाटायचं — आज. दर वेळी दुकानात आणखी कुणीतरी असायचं, आणि नसलं की मला बरं वाटत नसे. वारजे कितीसं लांब? सायकलनं तासाभराचा रस्ता. मी एकदाही गेलो नाही.

हवालदार गेल्यावर काही दिवसांनी सोनाबाई दुकानात आली. अण्णा तोवर वारले होते. दुकानात मी एकटाच. तिनं कनवटीला बांधलेला रुमाल सोडला आणि त्यातून चष्मा काढून टेबलावर ठेवला. मेलेल्या माणसाचा चष्मा गरिबाला दिला तर पुण्य लागतं, असं बरेचजण मानतात. माझ्याकडे असे पुष्कळ चष्मे यायचे.

"तुमच्याच हातचा हाय," ती म्हणाली. "त्याच नंबराचा कुनी गरीब आला तर घाला त्याच्या डोळ्यावर. मामंजींनी जिवापाड जपला."

मी चष्मा हातात घेतला. काचेवर एक ओरखडासुद्धा नव्हता.

ती जायला वळली, मग दारातच थांबली. म्हणाली, "शेवटच्या आठ दिसांत डोस्कं थाऱ्यावर न्हवतं त्यांचं. अंगनात खाट टाकलेली. टेकडीकडं बगायचे. चष्मा काढायचे, बगायचे. घालायचे, बगायचे. परत काढायचे. आन् मला म्हनायचे, सोने, दोन्हीतनं सारकंच दिसतंय की गं."

ती माझ्याकडे पाहत होती. विचारत नव्हती. फक्त सांगत होती, आणि माझ्याकडून एक शब्द हवा होता तिला, घरी घेऊन जायला. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. अण्णा नव्हते, हवालदार नव्हते. भ्यायचं कुणाला होतं?

"भ्रम होतो," मी म्हणालो. "वयानं होतं असं."

तिनं पदरानं डोळे पुसले, नमस्कार केला आणि गेली.

आता मी मुलीकडे राहतो, वारज्यालाच, सातव्या मजल्यावर. गॅलरीतून टेकडीचा एक तुकडा दिसतो. हवालदारांचं शेत नेमकं कुठल्या इमारतीखाली गेलं ते मी कुणाला विचारलेलं नाही. माझ्या टेबलाच्या खणात ती दुर्बीण आहे. अजून हलकी आहे, चित्र अजून स्वच्छ आहे, आणि फुली मध्यावर नाही. तिच्या शेजारी तो चष्मा. मी तो कुणाला दिला नाही. त्या नंबराचा माणूस चष्म्याच्या दुकानात येत नसतो.

संध्याकाळी कधी कधी मी तो घालून गॅलरीत बसतो. टेकडीकडे बघतो. मग काढतो, आणि परत बघतो.